आणीबाणीसाठी सोनं-चांदी: दुर्मिळ नाणं घ्यावं, राणीछाप रुपया की साधं चोख?

अडीअडचणीला म्हणून घरात थोडं सोनं-चांदी असावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण हल्ली बरेच तरुण वाचक विचारतात की बाजार बंद पडला, बँका बंद पडल्या आणि वस्तूच्या बदल्यात वस्तू घ्यायची वेळ आली तर हातात नेमकं काय असावं? संग्राहकांची जुनी, दुर्मिळ नाणी की वजनावर विकलं जाणारं साधं चोख? पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो: समोरच्याला जे एका नजरेत ओळखता येतं आणि वजनावर मोजता येतं, तेच अडचणीत चालतं. दुर्मिळपणाची किंमत फक्त दर्दी माणूस देतो, आणि संकटात तो दर्दी तुमच्या गल्लीत सापडेलच असं नाही.

आधी धातूची जागा ठरवा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या गावांत वीज गेली, रस्ते बुडाले. अशा वेळी पहिली गरज असते पिण्याच्या पाण्याची, औषधांची आणि सुट्ट्या नोटांची. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर सराफ कट्टेच बंद होते. तिजोरीत सोनं असूनही ते मोडायला जागा नव्हती. म्हणून पहिली पायरी सोन्याची नाहीच. महिनाभराचा शिधा, भरलेला गॅस सिलिंडर, रोजची औषधं, पन्नास-शंभराच्या नोटांत काही हजार रुपये, हे सगळं झाल्यावरच धातूकडे वळा. हे झालेलं नसेल तर पुढचं वाचून खरेदीला धावू नका, ही कळकळीची विनंती.

धातू घरात तीन कामांना येतो: मोडायला, गहाण ठेवायला आणि बदल्यात द्यायला. भारतात पहिली दोन कामं रोजची आहेत, तिसरं क्वचितचं. तरी तिसऱ्याची तयारी करताना पहिल्या दोघांचा विसर पडू देऊ नका, कारण बहुतेकांवर वेळ येईल ती मोडण्याची किंवा गहाण ठेवण्याचीच.

प्रत्यक्षात कुठे काय चाललं

व्हेनेझुएलात चलनाची माती झाली, तेव्हा बोलिव्हार प्रांतातल्या तुमेरेमोसारख्या खाणगावांत लोक सोन्याचे कण कागदाच्या पुडीत घेऊन फिरू लागले. केस कापायचे, जेवायचं, खोली भाड्याने घ्यायची, तर ग्रॅमच्या हिशेबाने सोनं मोजून द्यायचं. तिथे छाप कुणाची, साल कोणतं, हे विचारणारा कुणी नव्हता.

दुसरं उदाहरण सैन्याचं आहे आणि मला ते फार बोलकं वाटतं. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या वैमानिकाला स्थानिकांकडून मदत विकत घेता यावी म्हणून अमेरिकी नौदलाने सीलबंद संच बनवले होते. त्यातल्या एका संचात एक गिनी (सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं), दोन अर्ध्या गिन्या आणि सोन्याच्या तीन साध्या अंगठ्या होत्या. १९९१ च्या आखाती युद्धात एसएएस या ब्रिटिश विशेष लष्करी पथकाच्या जवानांकडेही गिन्या दिलेल्या होत्या. ज्यांचा जीवच त्या निवडीवर अवलंबून होता, त्यांना कुणी दुर्मिळ नाणी दिली नाहीत. जगात कुठेही ओळखलं जाणारं नाणं आणि कुणालाही कळणारी अंगठी, बस्स.

मग दुर्मिळ नाण्यांचा आग्रह येतो कुठून? मुख्यतः अमेरिकेतून. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून लोकांकडचं सोनं २०.६७ डॉलर प्रति औंस दराने सरकारजमा करायला लावलं. त्यात माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी आणि संग्राहकांच्या दृष्टीने खास मोलाची नाणी वगळली होती. पुढच्याच वर्षी सोन्याचा सरकारी भाव ३५ डॉलर झाला. तेव्हापासून तिकडचे काही विक्रेते ‘जप्त न होणारं सोनं’ म्हणून महागडी नाणी गळ्यात मारतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी या बोलण्याला भुलू नये. तिथे छोट्या देवाणघेवाणीसाठी १९६४ पर्यंतचे ९० टक्के चांदीचे डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर (दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी) घेण्याची पद्धत आहे. ती घिसलेली, साधी नाणी धातूच्या भावाच्या जवळपास मिळतात आणि निवड म्हणून ती कितीतरी शहाणपणाची आहे.

आपल्याकडेही सुवर्ण नियंत्रणाचा काळ येऊन गेला. त्या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची लगड बाळगायला बंदी होती. कायदा रद्द झाला १९९० मध्ये. तेव्हाही घराघरात टिकले ते दागिनेच.

आपल्या बाजारात काय मिळतं, ते ओळखा

चांदीचा जुना रुपया हा या सगळ्याचा कणा आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश हिंदुस्थानी रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. शुद्ध चांदी धरली तर १०.६९ ग्रॅम. व्हिक्टोरियाचा तो राणीछाप. सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे ते राजाछाप. लक्ष्मीपूजनाला आणि लग्नकार्यात हे रुपये आजही लागतात, त्यामुळे खेड्यातल्या सराफालाही ते ओळखू येतात. वजन आणि कस दोन्ही ठरलेले, समोरच्याच्या आजीच्या डब्यातही तसाच एक असण्याची शक्यता. देवाणघेवाणीसाठी याहून चांगली वस्तू आपल्या भागात मला दिसत नाही.

पण साल बघायची सवय लावा. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी फक्त ५० टक्के आहे. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. रंगरूप जवळपास तेच, पण काठ वेगळा: १९३९ पर्यंतच्या रुपयाच्या काठावर सरळ उभ्या रेघा, तर १९४० पासूनच्या काठावर मधोमध नक्षीची खाच. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. विकणारा जर ‘सगळे राजाछाप सारखेच’ म्हणाला तर तिथून उठा.

दुर्मिळाचं गणितही याच रुपयांत दिसतं. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. बरीचशी नाणी परत वितळवली गेली, १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक जास्त पैसे देऊन घेतात. १९३९ चा तर त्याहून दुर्मिळ, आणि त्याची नक्कलही सर्वांत जास्त. आता हा १९३९ चा रुपया आणि साधा १९१९ चा रुपया घेऊन तुम्ही किराणा दुकानदारासमोर उभे आहात असं समजा. त्याच्या लेखी दोन्हींत तेवढीच चांदी. एकासाठी तुम्ही मोजलेली जास्तीची रक्कम त्या क्षणी शून्य झालेली असते. दुर्मिळ नाण्यांची आवड असेल तर जरूर जोपासा, ती सुंदर आवड आहे. पण तो खर्च छंदाच्या खात्यात लिहा, आणीबाणीच्या नाही.

सरकारी टांकसाळीच्या स्मारक नाण्यांबाबतही हेच. पेटीत, पॉलिश केलेलं, ३५ ग्रॅमचं मोठं नाणं बघून हरखून जायला होतं. पण यातल्या बऱ्याच नाण्यांत चांदी ५० टक्केच असते, म्हणजे हाती साडेसतरा ग्रॅम. आठवण म्हणून घ्या.

धनत्रयोदशीला मिळणारी लक्ष्मी-गणपतीची नाणी ही खरं तर पदकं. धातू सहसा चोख असतो, पण प्रत्येक दुकानाचा छाप वेगळा, म्हणून परकं दुकान त्यावर घट धरतं, म्हणजे भावात कपात करतं, किंवा आटवून बघू म्हणतं. ज्या सराफाकडून घेतली त्याच्याकडेच ती नीट मोडतात.

सोन्यात गिनी: वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही गिन्या पाडल्या गेल्या होत्या. त्यांवर ‘आय’ हे टांकसाळीचं अक्षर आहे. दुकानात ‘गिनी’ म्हणून दाखवलं जाणारं आठ ग्रॅमचं नाणं मात्र बरेचदा खासगी घडणीचं असतं. सोनं म्हणून ते वाईट नाही, पण खऱ्या गिनीचा भाव देऊ नका. अशोकचक्राचं सरकारी सोन्याचं नाणं २०१५ मध्ये पाच आणि दहा ग्रॅममध्ये आलं, कस ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग सोनं.

आणि शेवटी आपलं वेढणं. पाडव्याला, गुरुपुष्याला एक-दोन ग्रॅमचं चोख सोन्याचं वेढणं घ्यायची आपली जुनी रीत आहे. त्यावर ना राजाचं तोंड, ना नक्षी, मजुरी नगण्य. बोटात घालून नेता येतं. वैमानिकांच्या संचातल्या त्या तीन अंगठ्या आणि हे वेढणं यांच्यामागचा विचार एकच.

किती आणि कोणत्या वजनात

२०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे एक ग्रॅमचं वेढणंसुद्धा दहा हजारांच्या पुढे. पाच किलो तांदळासाठी ते काढलंत तर सुटे कोण देणार? म्हणून छोट्या व्यवहाराला चांदी आणि मोठ्या नडीला सोनं. चांदीची एक किलोची वीट घेण्यापेक्षा तेवढीच चांदी सुमारे ९३-९४ राजाछाप रुपयांत विभागलेली बरी. विटेचा तुकडा पाडला की कस तपासणं आलं, घट आली. रुपया मात्र एकेक सुटा देता येतो.

सुरुवात करणाऱ्याने दहा-वीस साधे, घिसलेले राणीछाप-राजाछाप रुपये आणि एक-दोन ग्रॅमची काही वेढणी, एवढ्यावर थांबावं. गिनी नंतर, ऐपत असेल तर. सगळी बचत धातूत घालणं मला पटत नाही. व्याज न देणारी वस्तू आहे ती.

खरेदी करताना

दुकानात जाण्याआधी त्या दिवसाचा चांदीचा प्रतिग्रॅम भाव पाहा आणि १०.६९ ने गुणा. ही रुपयाची धातूकिंमत. दुकानदार जो आकडा सांगेल त्यातून ती वजा केली की तुम्ही छापासाठी किती देताय ते उघड होतं. थोडं जास्त द्यावं लागेल, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर. म्हणूनच सणाच्या आठवड्यात घेऊ नका. दुप्पट मागत असेल तर तो तुम्हाला संग्राहक समजतोय.

नव्या नाण्यावर, वेढण्यावर तीन टक्के जीएसटी लागतो, तो मोडताना परत मिळत नाही. बँकेतून नाणं घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: बँका नाणी विकतात, पण परत विकत घेत नाहीत. त्यामुळे सराफाला आधीच तोंडावर विचारा, ‘उद्या हेच आणलं तर कोणत्या भावाने घ्याल, घट किती धराल?’ उत्तर पावतीवर लिहून मागा. वेढण्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) असेल तर तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये तिथल्या तिथे टाकून बघा. सीलबंद पाकिटातलं नाणं घरी आल्यावर कौतुकाने फोडू नका. ते पाकीट हाच त्याचा पुरावा आहे.

घरच्या घरी पारख

नकली राणीछाप रुपयांचा सुळसुळाट आहे, यात्रा-जत्रेत तर फारच. ही परीक्षा प्रत्येकाला यायला हवी, म्हणून सविस्तर लिहितो.

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. प्रत्येक रुपया सुटा तोला. ११.६६ च्या आसपास हवा, घिसून ११.४ पर्यंत आला तरी हरकत नाही, ११.८ आला तर संशय घ्या. लोहचुंबक लावा, चिकटला तर विषय संपला. न चिकटला म्हणजे चांदी असं मात्र नाही, कारण तांबं-पितळ-शिसंही चिकटत नाही. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्या. चांदीचा नाद खणखणीत आणि लांबणारा असतो, शिसं भरलेलं नाणं बद्द वाजतं.

आता पाण्याची परीक्षा. दहा रुपये एकावर एक ठेवून बारीक दोऱ्याने आडवे-उभे बांधा आणि वजन करा. समजा ११६ ग्रॅम भरलं. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणा. मग ती चळत दोऱ्याने धरून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हलवून बुडबुडे जाऊ द्या. काटा जो आकडा दाखवेल तो सरकलेल्या पाण्याचा. ९१.७ टक्के चांदी असेल तर तो ११.३ च्या जवळपास येतो. ५० टक्क्यांची नाणी असतील तर १२ च्या पुढे, आणि तांबं-निकेलचा माल असेल तर १३ च्या घरात. दहांत एकच खोटा असेल तर या परीक्षेत तो लपू शकतो, म्हणून सुटं वजन आणि नाद आधी. सोन्याच्या एकट्या नाण्याला ही युक्ती घरच्या काट्यावर लागू पडत नाही, वजन फारच कमी असतं. त्यासाठी सराफाकडच्या यंत्रावर टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या.

नाणी घासूनपुसून लख्ख करू नका. चुकून एखादं दुर्मिळ निघालं तर त्याचं मोल घासण्याने जातं. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच नाणी, लगडी आणि दागिने यांच्यातला खरा फरक कळतो. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेनुसार छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने जप्त करत नाहीत. ही सवलत दागिन्यांची आहे, नाण्यांची किंवा लगडीची नाही. म्हणून नाण्यांची प्रत्येक पावती जपून ठेवा.

गहाण ठेवायचं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार लगड किंवा वीट तारण म्हणून चालत नाही. दागिने चालतात, नाणी चालतात ती सोन्याची ५० ग्रॅमपर्यंत, चांदीची ५०० ग्रॅमपर्यंत. तुमची बँक कोणती नाणी स्वीकारते हे आजच विचारून ठेवा. विकताना एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणालाही घेता येत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलांकडे राणीछाप रुपये बॅगेतून पाठवू नका. शेतात नांगरताना नाण्यांचा गाडगा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे.

प्रत्यक्ष द्यायची वेळ आली तर

सगळा डबा कधीच पुढे करू नका. खिशात एक किंवा दोनच रुपये ठेवा. अनोळखी माणसाकडे नेण्याआधी ओळखीचा दुकानदार, दूधवाला, औषधवाला यांना विचारा. तिथे विश्वास आधीच असतो आणि बहुतेकदा उधारीवरच भागतं. उधार मिळत असेल तर धातू काढूच नका.

द्यायचाच झाला तर भाव तुम्ही आधी बोला. ‘हा राजाछाप, एवढी चांदी, कालपर्यंतच्या भावाने इतके होतात, मी इतक्याला देतो.’ समोरचा घट धरणारच. नडलेल्या वेळी १५-२० टक्के कमी मिळतील हे गृहीत धरून चाला. काटा स्वतःचा न्या आणि त्याच्या देखत नाणं तोला.

याची रंगीत तालीम सुखाच्या दिवसांतच करून घ्या. एक साधा राजाछाप रुपया आणि एक वेढणं घेऊन तुमच्या गावातल्या तीन वेगवेगळ्या सराफांकडे जा आणि मोडायचंय म्हणून भाव विचारा. तिघांचे आकडे वहीत तारखेसह लिहा. ज्याने सर्वांत कमी घट धरली त्याच्याकडे एक रुपया खरोखर मोडा, पैसे हातात घ्या. घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला सोबत न्या, म्हणजे तुम्ही नसताना कुठे जायचं आणि काय बोलायचं हे त्यालाही ठाऊक असेल.